मैदानाकडे पाठ

आमच्या कॉलेजच्या स्मरणिकेचं काम सध्या ज्या प्राध्यापकाकडे आहे, तो वयाने लहान आणि उत्साहाने दांडगा आहे. परवा त्याचा फोन आला. "मॅडम, क्रीडा विशेषांक काढतोय. 'माझ्या आठवणीतला खेळाडू' असं सदर आहे. तुम्ही इतकी वर्षं विद्यापीठाच्या मुलींच्या संघांबरोबर फिरलात, तुम्ही लिहायलाच हवं."

म्हटलं, लिहिते. पण खेळाडूवर लिहिणार नाही, प्रेक्षकावर लिहीन.

तो गोंधळला. प्रेक्षक कसा चालेल मॅडम, सदराचं नाव खेळाडू आहे, वगैरे बोलायला लागला. मी म्हटलं, चालत नसेल तर राहू दे बाबा, माझ्या कुंड्यांना पाणी घालायचं राहिलंय. मग लगेच चालेल म्हणाला. संपादकांना असंच सरळ करावं लागतं.

तर हा प्रेक्षक म्हणजे बाळकुमच्या हिराकाकी म्हात्रे. मागच्या श्रावणात त्या गेल्या. असत्या आणि मी असं काही लिहितेय हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी माझी चामडी लोळवली असती. "माज्यावर कनाला लिवतंस गो मास्तरनी? पोरी काय मेल्या का? त्यांच्यावर लिव." हे मला आत्ता, टेबलाशी बसल्याबसल्या ऐकू येतंय. तेव्हा पोरींवरही लिहीन, पण काकींच्या आडून.

मी डोंबिवलीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. खेळाशी माझा संबंध शाळेत लंगडीत पडून गुडघा फोडून घेतला तेवढाच. पण विद्यापीठाचा मुलींचा संघ बाहेर जायचा तर बरोबर एक बाई लागते, असा नियम आहे. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली. कुणाची सासू आजारी, कुणाच्या मुलाची दहावी, कुणाला गाडी लागते. मला काहीच लागत नव्हतं, म्हणून मी संघ व्यवस्थापक झाले. काम काय, तर मुली मोजायच्या, ओळखपत्रं सांभाळायची, राहायच्या खोल्यांवरून भांडायचं आणि जाऊ तिथे आधी धड बाथरूम शोधायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड.

पहिल्याच दिवशी ठाण्यात खो-खोचा सामना होता. मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, त्यात एक खुर्ची उलटी. त्या खुर्चीत मैदानाकडे पाठ करून, समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघत एक बाई बसलेली. अंगावर काष्ट्याचं लुगडं, गळ्यात ठसठशीत सोनं आणि पायात पांढरे शुभ्र कॅनव्हासचे बूट. मांडीवर पितळी डबा. मला वाटलं, हिला चक्कर येतेय. जवळ जाऊन विचारलं, "काकी, बरं वाटत नाही का?"

"मना काय धाड भरलीय? मी बरी हाय. तू कोन?"

"मी संघाची व्यवस्थापक."

"बरा झाला आलीस. मंग बग आनि सांग. ती बुटकी पोरगी उठली का? तिना ते दिला का?"

"काय दिलं?"

"ते गो. पाठीमागून देतात ते."

म्हणजे खो. ही बाई खो-खोच्या सामन्याला येऊन मैदानाकडे पाठ करून बसली होती आणि खो हा शब्द तोंडातून काढायला तयार नव्हती. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय, वाद नको. म्हणून मी बघत गेले आणि सांगत गेले. दिला. उठली. पळाली. खांबाला वळसा घातला. गडी बाद. दर गडी बाद झाला की काकी मांडीवरच्या डब्यावर थाप मारायच्या. सामना संपला तेव्हा माझा घसा बसला होता आणि काकींनी डबा उघडून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्या हातावर ठेवली होती. मी म्हटलं, मी सुकट खात नाही. "आज खाशील," त्या म्हणाल्या. खाल्ली. त्यानंतर कायमचीच खायला लागले, घरी कुणाला सांगितलं नाही.

काकींचं घराणं बाळकुमचं जुनं. कधीकाळी भातशेती आणि मिठागर, आता त्याच जमिनीवर टॉवर उभे, त्यातल्या एकाच्या वरच्या मजल्यावर काकी. दारात पांढरी मोठी गाडी, काचेवर आई एकवीरेचं नाव. घरचे म्हणायचे, काकी, यात्रेला जा, परदेशी जा. काकी जायच्या विद्यापीठाच्या सामन्यांना. पावसाळा उतरला की कॉलेजांचे सामने सुरू व्हायचे, दिवाळीच्या मागेपुढे विद्यापीठाचे संघ निवडले जायचे, थंडीत बाहेरच्या विद्यापीठांशी गाठ पडायची. हा सगळा हंगाम काकी आमच्यामागे असायच्या. कबड्डीला डोंबिवलीत, पोहण्याला ठाण्यात, कुस्तीला कल्याणात, वजन उचलायला जिथे म्हणाल तिथे. एक क्रिकेट सोडून सगळं.

"क्रिकेटला का नाही?" मी एकदा विचारलं.

"त्याला बगनारी जगभर हायत. जल्लं मेलं ते क्रिकेट. ह्यांना कोन हाय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणीही विचारलं तरी हेच उत्तर मिळायचं, आणि ते खोटंही नव्हतं. मुलींच्या वेटलिफ्टिंगला मी स्वतः मोजलेत प्रेक्षक. काकी, मी आणि एका मुलीचा मामा, जो वाट चुकून आला होता.

खोपटच्या एसटी डेपोजवळच्या एका हॉलमध्ये बुद्धिबळाचे सामने होते, तिथेही आल्या. आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. काकी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "ह्याच्यात पलतंय कोन?" म्हटलं, कुणी नाही, विचार करतात. "मंग मी बी करतंय," म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत हूं की चूं न करता बसल्या. आमची मुलगी हरली. बाहेर येऊन रडायला लागली. काकींनी तिच्या पुढ्यात डबा उघडला आणि म्हणाल्या, "डोक्यानं दमलं का भूक जास्ती लागतं. खा." ती मुलगी ब्राह्मण घरातली, सुकट बघून बिचकली, माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. खाल्ली तिनेही.

बाकी सगळ्या खेळांना त्या सरळ, खेळाकडे तोंड करून बसायच्या आणि छप्पर उडेल असा आवाज लावायच्या. कबड्डीला तर पंचांनी दोनदा हात जोडले होते. पाठ फिरवायच्या ती फक्त खो-खोला. आणि जीव सगळ्यात जास्त खो-खोवरच. ही काय भानगड आहे, ते मला संघाच्या प्रशिक्षक वैशालीने सांगितलं.

वैशाली स्वतः विद्यापीठाकडून खेळलेली. तिच्याच संघात काकींची पुतणी होती. पुतणीसाठी म्हणून काकी पहिल्यांदा मैदानावर आल्या आणि खेळाने त्यांना जे धरलं ते सोडलंच नाही. पुतणीचं लग्न झालं, तिने खेळ सोडला, काकींनी काही सोडला नाही. तर पुतणी अजून खेळत होती तेव्हाची गोष्ट, अंतिम सामना होता. सामना अगदी टोकाला आलेला. वैशाली चौकोनात बसलेली, समोरच्या संघाची मुलगी तिच्या नाकासमोरून पळतेय, आणि खो द्यायला येणारी आपली मुलगी अजून दोन हात लांब. काकी वैशालीच्या पाठीमागेच, रेषेबाहेर उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. त्या ओरडल्या, "खो!"

आणि वैशाली उठली.

पाठीवर हात पडलाच नव्हता. पंचांनी शिट्टी मारली, फाउल झाला, समोरची मुलगी सुटली ती सुटलीच. सामना गेला. अखिल भारतीय ढाल गेली. पुतणी घरी जाऊन दोन दिवस जेवली नाही. काकींनी काय खाल्लं ते कुणी विचारलं नाही. पुढच्या हंगामापासून खुर्ची उलटी झाली आणि तो शब्द बंद झाला.

"अहो, पण उठले मी होते ना," वैशाली म्हणाली. "हात पडल्याशिवाय उठायचं नाही हे शाळेतल्या पोरींनाही कळतं. मी शंभरदा सांगून बघितलं. ऐकतात का त्या?"

नाही ऐकायच्या. त्यांच्या मनाने घेतलं होतं की आपली नजर पडली की पोरी हरतात, आपलं तोंड उघडलं की पोरींचं वाटोळं होतं. मी माझं अर्थशास्त्र लावून बघितलं. म्हटलं, "काकी, तुम्ही पाठ फिरवलीत त्यानंतरही आपण अंतिम सामन्यात हरलोच आहोत की नाही? एकदा नाही, कितीदा. मग तुमच्या पाठीचा तरी काय उपयोग झाला?"

काकींनी शांतपणे विचार केला आणि म्हणाल्या, "मंग तोंड मैदानाकडं केला असता तर कवडा हरलो असतो, सांग."

मी त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून घेतली. 

पण घाबरट होत्या म्हणाल तर अजिबात नाही. एका वर्षी बाळकुमजवळच्या आमच्या सरावाच्या मैदानातून खो-खोचे खांब उपटून बाजूला टाकलेले सापडले. क्रिकेटची खेळपट्टी करायची होती. मैदान बघणारे एक साहेब होते, ते आम्हाला समजवायला लागले की हे मैदान क्रिकेटसाठी राखीव झालंय, तुम्ही मागच्या अंगाला बघा कुठे जमतंय ते. मागच्या अंगाला नुसते दगड आणि डबरचा ढीग होता. वैशाली चिडून रडकुंडीला आली. मी अर्ज लिहायच्या तयारीत होते. काकी गाडीतून उतरल्या, सरळ चालत गेल्या आणि रोलर फिरवून गुळगुळीत केलेल्या त्या खेळपट्टीच्या मधोमध मांडी घालून बसल्या. डबा पुढ्यात.

साहेब धावत आले. "आजी, तुम्ही कोण? इथे बसता येणार नाही."

"तुमी कोन? हितं आमचा भात व्हता. ह्या बांदावर माजी सासू बसायची, मी बसली तर काय झाला?"

साहेब म्हणाले, ते पूर्वीचं झालं. काकी म्हणाल्या, पूर्वीचंच सांगते, नवं तुम्ही सांगा. आणि भाकरी मोडून खायला लागल्या. साहेबांनाही विचारलं, खाता का. तासाभराने साहेबांनी खांब परत बसवून दिले आणि सकाळी खो-खो, दुपारी क्रिकेट असं ठरलं. काकी उठताना म्हणाल्या, "खालची माती चांगली हाय. पोरी परल्या तरी लागनार नाय." म्हणजे खेळपट्टीचा अंदाजही घेऊन झाला होता.

आता श्रुतीचं सांगते. श्रुती टिटवाळ्याची. पहिल्या वर्षाला असताना तिला खो-खोच्या निवडीत कुणी घेतलं नव्हतं. क्रॉसकंट्रीच्या संघात एक डोकं कमी पडत होतं म्हणून तिला धरून उभी केली, आणि शर्यत नेमकी टिटवाळ्यालाच, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सगळी ओळखीची माणसं रस्त्याला. सगळ्या मुली आल्या, बक्षिसं झाली, लोक पांगले, आणि श्रुतीचा पत्ता नाही. आयोजक शेवटच्या रेषेवरची फीत गुंडाळायला लागले. काकी त्या फितीवर पाय देऊन उभ्या राहिल्या.

"अजून एक पोरगी यायची हाय."

"आजी, ती सोडून गेली असेल."

"गेली नाय. तिची पिशवी माज्याकडं हाय."

आम्ही थांबलो. उन्हं उतरायला लागली तेव्हा ती दिसली. रडत होती, पण पळत होती. काकींनी फीत स्वतःच्या हाताने उचलून धरली, दुसरं टोक माझ्याकडे दिलं. ती मुलगी फीत तोडून आत आली आणि तिथेच बसली. "सगळ्यांनी बघितलं मी शेवटची आले," म्हणाली. काकी तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "बगू दे की. पुरी धावलीस ना? मंग?"

दुसऱ्या दिवशी काकींनी वैशालीला फोन केला. "ती टिटवाल्याची पोरगी घे. शेवटची आली पन एक पाऊल चालली नाय."

वैशालीने घेतलं. तिसऱ्या वर्षी श्रुती विद्यापीठाची कर्णधार होती.

आणि ते वर्ष माझ्याही नोकरीचं शेवटचं. त्या वर्षी अखिल भारतीय स्पर्धेचं यजमानपद आमच्याच विद्यापीठाकडे आलं, मैदान कल्याणचं. म्हणजे हरलो तर घरच्या अंगणात हरणार होतो. वैशालीने हंगामाच्या पहिल्या दिवसापासून एक नवीनच सराव काढला. मुलींना चौकोनात बसवायची आणि पाठीमागून कुणीतरी खोटे खो ओरडायचे. उठायचं ते हात पडल्यावर. आवाजावर जी उठेल तिने मैदानाला फेरी मारायची.

"काकी, ओरडायला या," वैशाली म्हणाली. "तुमच्यासारखा आवाज आख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाही."

काकी उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. काच वर केली.

मग ते काम माझ्या गळ्यात आलं. मोठमोठे वर्ग सांभाळून माझाही आवाज काही लेचापेचा नाही. मी त्या मुलींच्या पाठीशी उभी राहून खो खो करून कोकलायचे आणि त्या फिदीफिदी हसायच्या. पहिल्या आठवड्यात सगळ्या उठायच्या, श्रुतीसुद्धा. फेऱ्या मारून मारून जीव जायचा. दिवाळीपर्यंत कमी झालं. थंडी पडली तोवर मी कानाशी जाऊन किंचाळले तरी एक पापणी हलेना. मधूनच मी गाडीकडे बघायचे. काच थोडी खाली आलेली असायची.

आम्ही विभागातून वर गेलो. कल्याणलाही एकेक सामना काढत गेलो. उपांत्य सामना अगदी थोडक्यात जिंकलो. सगळे सामने काकी कंपाउंडच्या भिंतीकडे बघत बसलेल्या आणि मी त्यांच्या कानाशी बडबडत होते. अंतिम सामना दक्षिणेकडच्या एका विद्यापीठाशी होता. त्या मुली मासोळ्यांसारख्या सुळसुळीत, हाताला लागायच्या नाहीत.

त्या सकाळी काकी नेहमीसारखी खुर्ची उलटी करून बसल्या. वैशाली आली. "काकी, उठा जरा."

"कनाला?"

"उठा तर."

काकी उठल्या. वैशालीने खुर्ची उचलली आणि मैदानाकडे तोंड करून ठेवली. काकींचा चेहरा पांढराफटक पडला.

"वैशू, याड लागला का तुना? आज फायनल हाय."

"म्हणूनच. काकी, त्या दिवशी तोंड तुमचं होतं, पाय माझे होते. इतकी वर्षं तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर करून बसलात. मला सांगा, मला काय वाटत असेल? दरवर्षी ती तुमची पाठ बघून मला काय वाटत असेल, हे कधी मनात आलं तुमच्या?"

काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.  हे माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग श्रुती आली. गुडघ्याला पट्टी बांधत बांधत म्हणाली, "काकी, तुम्ही उलट्या बसलात तर मी पण उलटी बसणार. चौकोनात चुकीच्या बाजूला तोंड केलं की फाउल धरतात. मग तुम्ही जाणे आणि पंच जाणे."

"तू माजी आय लागून गेलीस काय?" काकी म्हणाल्या. पण बसल्या. मैदानाकडे तोंड करून बसल्या. पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. एका हाताने माझं मनगट धरलं. त्या पकडीची खूण आठवडाभर होती माझ्या हातावर.

सामना मी सगळा सांगत बसत नाही. ज्यांनी खो-खो पाहिलाय त्यांना माहीत आहे, शेवटची पाळी येईपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. शेवटची पाळी आमची, पाठलागाची. आम्ही मागे होतो. एकेक गडी करत बरोबरी झाली. आता आणखी एक गडी मिळाला तर ढाल आमची, आणि घड्याळात वेळ अगदीच थोडा. समोर त्यांची सगळ्यात चपळ मुलगी उरलेली. चौकोनाचौकोनातून नागमोडी सुळसुळत होती. आमच्या मुली एकमेकींना खो देत देत तिच्यामागे. श्रुती नेमकी आमच्या समोरच्या चौकोनात, आमच्याकडे पाठ करून बसलेली. ती मुलगी मधली रेषा ओलांडून पलीकडे गेली, श्रुतीच्या अगदी नाकासमोर. खो द्यायला येणारी अजून दोन हात लांब.

 हे मी ऐकलेलं होतं. अगदी हेच, असंच.

माझं मनगट सुटलं. काकी उभ्या राहिल्या होत्या. पदराचा बोळा कधी गळून पडला त्यांनाही कळलं नसेल. आणि इतक्या वर्षांचा कोंडलेला आवाज एकदम बाहेर आला.

"खो!"

कबड्डीचे पंच हात जोडायचे तो आवाज. मंडपातला माईकवाला दचकला. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. काकींनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबलं आणि खुर्चीत कोसळल्या. डोळे मिटले.

श्रुती बसली होती. दोन्ही तळवे जमिनीला टेकून, मान वळवून, जशीच्या तशी. तसूभर हलली नव्हती. मग मागून आमच्या मुलीचा हात तिच्या पाठीवर पडला, खरा खो आला, आणि श्रुती जी उठली ती दुसऱ्याच पावलात अंग झोकून दिलं तिने. मातीचा लोट उठला. तिची बोटं त्या मुलीच्या टाचेला लागली होती. पंचांनी शिट्टी मारली आणि हात वर केला.

मी ओरडले, नाचले, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. सगळं केलं. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. काकी अजून डोळे मिटून बसलेल्या.

"हरलो ना?" म्हणाल्या. "माज्यामुले ना?"

"काकी, डोळे उघडा."

"नाय."

"उघडा म्हणते ना. जिंकलो. श्रुती उठली नाही. तुम्ही ओरडलात आणि ती उठली नाही."

काकींनी एक डोळा उघडला. मैदानात मुली एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या. वैशाली मधल्या रेषेवर खाली बसली होती, तोंड ओंजळीत धरून. काकींनी दुसराही डोळा उघडला आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचं भान नव्हतं. "बगितला," म्हणाल्या. "मी बगितला गो मास्तरनी."

पुढे जे झालं ते कुठल्या नियमात बसत नाही. माईकवरून बक्षीस समारंभासाठी सगळ्यांना बोलावत होते. पाहुणे आलेले, हार आणलेले. आणि आमच्या मुली पुन्हा मैदानात जाऊन आपापल्या चौकोनात बसल्या. उठेनात. मी व्यवस्थापक म्हणून धावले, "अगं, उठा, पाहुणे खोळंबलेत." श्रुती म्हणाली, "मॅडम, नियम आहे. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. काकींना पाठवा."

वैशालीने काकींना हाताला धरून आणलं. काकी नको नको म्हणत, पांढरे बूट मातीत ओढत आल्या. श्रुतीच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. तळवा तिच्या पाठीवर ठेवला आणि पुटपुटल्या.

"ऐकू नाही आलं," श्रुती पुढेच बघत म्हणाली.

मग मात्र काकींनी छाती भरून श्वास घेतला आणि खो दिला. सगळं मैदान टाळ्यांनी कोसळलं. श्रुती उठून खांबाकडे धावत सुटली, बाकीच्या मुली आणि वैशालीही तिच्यामागे आरडाओरडा करत गेल्या आणि तशाच मंडपाकडे पळाल्या. ढाल तिथे होती.

आता ज्याने खो दिला त्याने रिकाम्या चौकोनात बसायचं, हा खेळच आहे. काकींनी लुगडं सावरलं, गुडघ्यांवर हात टेकत टेकत खाली बसल्या. मैदानात आता त्या एकट्याच होत्या. मी हाक मारली, "काकी, चला की. फोटो काढतायत, तुम्हाला बोलावतायत."

"थांब गो," काकी म्हणाल्या. "मी उठू कशी? मना अजून कोनी दिला नाय."

मला कागदांवर सह्या करायला बोलावत होते, मी मंडपाकडे वळले. जाता जाता एकदा मागे बघितलं. हिराकाकी मधल्या रेषेवर, चौकोनात, तळवे जमिनीला टेकून आणि मान वळवून, उठायच्या तयारीत बसल्या होत्या.